सोसायटीत जनरेटर असेल तर नेट मीटरचा अर्ज कुठे अडतो?

सर्वसाधारण सभेत सोलर बसवण्याचा ठराव झाला, सोलर बसवणाऱ्या एजन्सीने केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नेट मीटरचा (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा मीटर) अर्ज भरला, पॅनेलही चढली. मग तपासणीला आलेले वीज कंपनीचे इंजिनिअर मीटर रूममधला जनरेटरचा चेंजओव्हर स्विच (वीज कंपनीची लाइन तोडून जनरेटर जोडणारा) बघतात आणि विचारतात, "हा सिंगल लाइन डायग्राममध्ये, म्हणजे जोडणीच्या नकाशात, कुठे आहे?" तो नसतोच. एजन्सीने दुसऱ्याच कुठल्या सोसायटीचा डायग्राम नाव बदलून जोडलेला असतो.

हा आक्षेप कागदी नाही. वीज गेली की ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेला सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असतो. पण जनरेटर सुरू झाला आणि सोलर त्याच बसबारवर (सगळ्या जोडण्या एकत्र येतात त्या पट्टीवर) असलं, तर इन्व्हर्टर जनरेटरलाच ग्रिड समजून पुन्हा वीज सोडू लागतो. समजा, दुपारी लिफ्ट आणि पंप मिळून भार २० किलोवॅट, सोलर ३० किलोवॅट. वरचे १० किलोवॅट जातील कुठे? उलटे जनरेटरमध्ये. जनरेटरमधला वीज बनवणारा अल्टरनेटर आणि इंजिन, दोन्हींना धोका.

सोपा आणि सुरक्षित उपाय म्हणजे सोलरची जोडणी चेंजओव्हरच्या आधी, मीटरच्या बाजूला घ्यायची. जनरेटर चालू असेपर्यंत सोलर बंद राहील, तेवढं चालेल. दोन्ही एकत्रच चालवायचे असतील तर सोलर-डीजी कंट्रोलर (डिझेल जनरेटरच्या भाराप्रमाणे सोलर कमी-जास्त करणारा) आणि रिव्हर्स पॉवर रिले (वीज उलटी जनरेटरमध्ये जाऊ लागली की जोडणी तोडणारा) लागतोच, आणि जनरेटरवर साधारण ३० टक्के भार कायम राहील अशी सेटिंग लागते. यातलं जे केलं असेल ते डायग्राममध्ये दाखवा. जनरेटरला विद्युत निरीक्षकांची मंजुरी असेल तर तिची प्रत शोधून ठेवा. जुन्या कमिटीच्या कपाटात ती हमखास हरवलेली असते, म्हणून हे काम आधी करा.

बाकी कागद नेहमीचेच: सोसायटीच्या नावावरचं थकबाकी नसलेलं वीजबिल, ठराव, बँक खातं. सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त नको. सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे, पण पॅनेल देशी बनावटीची हवीत.

मुदतीबाबत मात्र फार गोंधळ होतो. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत २०२४ च्या सुधारणेनंतर १५ दिवस दोनदा येतात. १० किलोवॅटच्या वरच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी १५ दिवस, आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला तुम्ही वीज कंपनीला दिल्यापासून तिच्याशी करार व मीटर यांसाठी वेगळे १५. लोक अर्जाच्या तारखेपासून मीटरची वाट बघत बसतात. दाखला दिल्याची पोच तारखेसकट घ्या; पोच नसेल तर खिडकीवरचा माणूस तुमचे दिवस मोजायला सुरुवातच करणार नाही.