रॉक अल्बमचे पुनर्मिश्रण

प्रसिद्ध झालेल्या अल्बमच्या मूळ बहुट्रॅक ध्वनिफिती (ज्यांत आवाज व वाद्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे ट्रॅकवर, नोंदलेली असतात) काही दशकांनी पुन्हा काढून आवाज व वाद्यांची पातळी, जागा आणि पोत नव्याने ठरवण्याची प्रक्रिया. रीमास्टरिंग हे याहून मर्यादित काम होय; त्यात तयार मिश्रण तसेच ठेवून त्याचा एकंदर नाद सुधारतात. वेष्टनावर मात्र दोन्ही शब्द सैलपणे छापले जातात.

प्रथेचा आरंभ कोठून धरावा याबद्दल मतभेद संभवतो. १९७०च्या दशकाच्या पूर्वार्धातील चतुर्ध्वनी (चार स्पीकरांसाठीच्या) आवृत्त्या हा एक पर्याय. परंतु त्या बहुधा मूळ अल्बमच्या पाठोपाठ नव्या यंत्रांसाठी निघाल्या, त्यांत फेरविचाराचा भाग थोडा. अमेरिकन रॉक संगीतकार फ्रँक झॅपा यांनी १९८०च्या दशकाच्या मध्यास आपल्या १९६८ च्या ‘वी आर ओन्ली इन इट फॉर द मनी’मधील ड्रम व बास नव्याने वाजवून घेतले. चाहत्यांना ते रुचले नाही आणि पुढे मूळ मिश्रण पुन्हा बाजारात आले. मात्र याला पुनर्मिश्रणापेक्षा पुनर्निर्मिती म्हणणे अधिक योग्य. त्यामुळे १९८७ मध्ये सीडीसाठी निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी बीटल्सच्या ‘हेल्प!’ आणि ‘रबर सोल’ (दोन्ही १९६५) यांची केलेली नवी स्टिरिओ (डावी-उजवी अशा दोन वाहिन्यांची) मिश्रणे हाच आरंभबिंदू मानणे सोयीचे ठरते.

‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ (१९६७) या अल्बमवरून या कामातील खरी अडचण स्पष्ट होते. लंडनच्या ॲबी रोड येथील स्टुडिओत तो चार ट्रॅकच्या यंत्रांवर ध्वनिमुद्रित झाला. चारही ट्रॅक भरले की ते दुसऱ्या फितीच्या एकदोन ट्रॅकवर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या ट्रॅकवर पुढचे वादन घ्यायचे, अशी पद्धत होती. प्रत्येक उतरवणीत फितीची खरखर वाढे आणि एकत्र झालेली वाद्ये नंतर सुटी करता येत नसत. शिवाय त्या काळी ब्रिटनमध्ये मोनोच (एकाच वाहिनीचे मिश्रण) महत्त्वाचे मानले जाई. बीटल्सनी लक्ष घातले ते मोनो मिश्रणात. स्टिरिओचे काम त्यांच्या गैरहजेरीत, तुलनेने झटपट उरकले गेले. दोहोंत किरकोळ नव्हे असे फरक राहिले: ‘शीज लीव्हिंग होम’ मोनोमध्ये वेगाने चालते आणि सुमारे अर्ध्या स्वराने चढे ऐकू येते. पुढच्या पिढ्यांनी बव्हंशी स्टिरिओच ऐकले. म्हणजे ‘मूळ’ म्हणून जे परिचित झाले, ते कलावंतांनी मन लावून तपासलेले नव्हते. जाइल्स मार्टिन (जॉर्ज यांचे पुत्र) व सॅम ओकेल यांनी २०१७ मध्ये उतरवणीपूर्वीच्या फिती शोधून, त्या संगणकावर जुळवून नवे स्टिरिओ तयार केले आणि त्यासाठी मोनो मिश्रण प्रमाण मानले. ही भूमिका ग्राह्य वाटते. ‘रिव्हॉल्व्हर’च्या (१९६६) २०२२ मधील आवृत्तीबाबत तसे निःशंकपणे म्हणता येत नाही: ‘टॅक्समन’मध्ये गिटार, बास व ड्रम एकाच ट्रॅकवर होते आणि ते मशीन लर्निंग (नमुन्यांवरून संगणकाला शिकवण्याच्या) तंत्राने वेगळे करण्यात आले. अशी विभागणी अंशतः अनुमानावर आधारलेली असते.

कलावंत स्वतः पुनर्मिश्रण करतो तेव्हाही निकाल निर्विवाद नसतो. स्टूजेसच्या ‘रॉ पॉवर’चे (१९७३) मिश्रण मुख्यतः डेव्हिड बोवी यांचे. बँडचे गायक इगी पॉप यांनी १९९७ मध्ये ते इतक्या चढ्या आवाजात नव्याने केले की मंद आणि तीव्र भागांतील अंतर जवळजवळ उरले नाही. २०१० मध्ये बोवी यांचे मिश्रण पुन्हा उपलब्ध झाले. किंग क्रिमसन, जेथ्रो टल व येस यांच्या अल्बमांवरील ब्रिटिश संगीतकार स्टीव्हन विल्सन यांचे काम त्यामानाने संयत आहे.

सारे अर्थात फिती शाबूत असण्यावर अवलंबून. १९७०-८०च्या दशकांतील काही फितींचे बंधकद्रव्य (चुंबकीय कण फितीला धरून ठेवणारा पदार्थ) दमटपणा शोषून चिकट होते; अशी फीत सुमारे ५० अंश सेल्सिअसला काही तास भाजून मगच वाजवतात, तीही नक्कल काढण्यापुरती. जून २००८ मध्ये हॉलीवूडजवळील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीच्या तडाख्यात ध्वनिफितींचा साठा आला. २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने नुकसान प्रचंड असल्याचे म्हटले, युनिव्हर्सल म्युझिक कंपनीने तो अंदाज अतिरंजित ठरवला. बहुट्रॅक फीत नसेल, तर उरलेल्या मिश्रणाच्या रीमास्टरिंगवरच भागवावे लागते.