जुन्या चित्र-फाइलींचे माइम प्रकार

फाइलीत काय आहे हे सांगणारी दोन भागांची खूण म्हणजे माइम प्रकार. आधी वर्ग, मग तिरकी रेघ, मग नेमका प्रकार: ‘इमेज/टिफ’, ‘इमेज/जीआयएफ’. ही पद्धत १९९२ साली ई-मेलसाठी ठरली, कारण तोवर ई-मेलमधून साधा मजकूर तेवढा नीट जात असे. १९९६ मध्ये तिचे नियम नव्याने मांडले गेले. वेबने तीच खूण उचलली. सर्व्हर चित्र पाठवताना ‘कंटेंट-टाइप’ या ओळीत ती लिहितो आणि आलेल्या बाइटांचे (फाइल ज्या आकड्यांनी बनते त्यांचे) काय करायचे हे ब्राउझर त्यावरून ठरवतो. अधिकृत यादी आयाना ही संस्था ठेवते.

गोव्यात हा विषय संगणकवाल्यांपुरता नाही. देवस्थान समितीच्या किंवा गावच्या वाचनालयाच्या कपाटात जुन्या सीडी असतात. त्यांत जत्रेच्या निमंत्रणपत्रिका, नाटकांची हस्तपत्रके, स्मरणिकांसाठी स्कॅन केलेले फोटो असू शकतात. ते संकेतस्थळावर चढवले आणि फोटो दिसण्याऐवजी फाइल नुसतीच डाउनलोड होऊ लागली, की ‘फाइल खराब झाली’ असे म्हणून सीडी बाजूला टाकली जाते. पुष्कळदा फाइल धडधाकट असते, खूण तेवढी चुकलेली असते. सर्व्हरला प्रकार कळला नाही तर तो बहुधा ‘अप्लिकेशन/ऑक्टेट-स्ट्रीम’, म्हणजे नुसते बाइट, एवढेच लिहितो.

छापखान्याच्या कामात सर्वांत महत्त्वाचा प्रकार टिफ. अल्डस कंपनीने तो १९८६ साली स्कॅन केलेल्या चित्रांसाठी आणला. डीटीपीवाल्यांचा, पाने जुळवायचा पेजमेकरही याच कंपनीचा. टिफची पहिली दोन अक्षरे ‘आयआय’ किंवा ‘एमएम’ असतात. पहिली जोडी इंटेलच्या बाइटक्रमाची (बाइट कोणत्या क्रमाने मांडायचे त्या पद्धतीची), दुसरी मोटोरोलाच्या, म्हणजे त्या काळच्या मॅकच्या. त्यानंतर ४२ हा आकडा येतो. फाइलीचे नाव कोणी काहीही बदलले तरी ही ओळख आत तशीच राहते. मात्र खूण बरोबर असली तरी क्रोम आणि फायरफॉक्स टिफ दाखवत नाहीत. म्हणून मूळ टिफ जपून वेबसाठी जेपीईजी किंवा पीएनजी प्रत काढणे हाच शहाणपणाचा मार्ग. मूळ फाइल पुसून प्रतीवर समाधान मानणे ही मोठी चूक आहे, कारण जेपीईजीत गेलेला तपशील परत मिळत नाही.

विंडोजच्या बीएमपीची गोष्ट वेगळी. ‘बीएम’ या दोन अक्षरांनी सुरू होणारा हा प्रकार घरोघरी पोचला होता, तरी ‘इमेज/बीएमपी’ ही खूण रीतसर नोंदली गेली ती २०१६ मध्ये. तोवर ‘इमेज/एक्स-बीएमपी’, ‘इमेज/एक्स-एमएस-बीएमपी’ अशी कामचलाऊ नावे चालत. ‘एक्स-’ म्हणजे नोंद नसलेले. २०१२ साली अशी नावे नव्याने पाडू नयेत असे ठरले, पण जुनी अजून फिरतात. पीसीएक्स आणि टारगा या जुन्या चित्र-प्रकारांच्या वाट्यालाही ‘इमेज/एक्स-पीसीएक्स’, ‘इमेज/एक्स-टीजीए’ अशीच नावे आली. टारगाच्या सुरुवातीला ओळखीची अक्षरे नसतातच. नंतरच्या आवृत्तीत ती फाइलीच्या शेवटी येतात.

नेहमीची चूक ‘इमेज/जेपीजी’ ही. बरोबर खूण ‘इमेज/जेपीईजी’. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीत फाइलीच्या नावापुढे तीनच अक्षरे मावत, म्हणून ‘जेपीजी’ रुळले. ब्राउझर नेहमीच्या चित्रांचे पहिले बाइट स्वतः पाहून घेतात, त्यामुळे ही चूक बहुधा खपून जाते आणि वर्षानुवर्षे लक्षात येत नाही.

संग्रह हाताळताना नावापुढच्या अक्षरांवर विसंबू नये. लिनक्स आणि मॅकवर ‘फाइल’ ही आज्ञा आतले बाइट वाचून प्रकार सांगते. तो प्रकार मूळ नावासह नोंदवहीत लिहून ठेवावा. जुन्या मॅकवरच्या फाइलींना तर नावापुढे अक्षरे नसतही, कारण तिथे प्रकाराची चार अक्षरे फाइलीच्या बाहेर वेगळी साठवली जात आणि पीसीच्या फ्लॉपीवर नक्कल करताना ती सहज गळून पडत. त्या मॅकच्या पिक्ट या चित्र-प्रकाराच्या फाइलींत पहिले ५१२ बाइट चित्राचे नसतातच, सहसा नुसती शून्ये असतात. ओळख त्यांच्यापुढे शोधावी लागते.