जुन्या जीप-पिकअपला लिफ्ट किट आणि मोठे टायर: आरटीओत काय मंजूर होते, काय नाही, आणि अर्ज कसा करायचा

पंधरा वर्षांची पिकअप किंवा जीप दारात उभी असते. इंजिन अजून ठणठणीत असते, पण शेताच्या वाटेवर गाडीचे पोट दगडाला घासते. मग कोणीतरी सुचवते, दोन इंच लिफ्ट कर, म्हणजे गाडी उंच कर, एकतीस इंची टायर टाक, गाडी रुबाबदारही दिसेल. गॅरेजवाला हे काम एका दिवसात करून देतो. कागदांचा विषय निघतो तो थेट पासिंगच्या, म्हणजे आरटीओ तपासणीच्या दिवशी, निरीक्षक टेप घेऊन वाकतो तेव्हा. तोवर पैसे खर्च झालेले असतात आणि जुने टायर विकून टाकलेले असतात.

म्हणून आधी कागद, मग पाना. या लेखातली माहिती त्याच क्रमाने दिली आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधले कलम ५२ हे या विषयाचे मूळ. आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) तपशील कंपनीने मुळात ठरवून दिलेल्या तपशिलापासून वेगळा पडेल, असा बदल मालकाला करता येत नाही, असे ते सांगते. बदल म्हणजे काय तेही तिथेच दिले आहे: गाडीच्या बांधणीतला असा फरक, की ज्यामुळे तिचे मूळ वैशिष्ट्य पालटते.

आरटीओने सही केली की काहीही चालते, असा समज बरीच वर्षे होता. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तो खोडून काढला. कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येणार नाही आणि राज्याच्या नियमाचा आधार घेऊनही तो वैध होत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२अ आले. नियमात न बसणारे भाग बसवून गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. लिफ्ट हा एक बदल, टायर हा दुसरा, बंपर कापला तर तो तिसरा.

कायद्याने काही दारे उघडी ठेवली आहेत. सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येते. दिव्यांग व्यक्तीसाठी गाडी जुळवून घेता येते. इंजिन बदलण्याची वाट आहे. याखेरीज एखाद्या विशिष्ट कारणासाठी केंद्र सरकार सूट देऊ शकते. उंची वाढवण्याच्या किटसाठी मात्र सीएनजीसारखी आखून दिलेली वाट नाही. किटच्या खोक्यावर काहीही छापलेले असो, ‘आरटीओ अप्रूव्ह्ड’ हे विक्रेत्याचे शब्द कागदावर मागा आणि काय उत्तर मिळते ते पाहा.

तुमचे काम कोणत्या प्रकारात येते

पहिला प्रकार दुरुस्तीचा. बहुतेक जुन्या गाड्यांचे खरे दुखणे हेच असते आणि त्याकडे कोणी पाहत नाही. वर्षानुवर्षे भार वाहून पाटे (लीफ स्प्रिंग) बसलेले असतात, पाट्यांच्या टोकाच्या जोडातले, म्हणजे शॅकलचे, बुश खाल्लेले असतात, शॉकअपमधले तेल केव्हाच गळून गेलेले असते. अशी गाडी कारखान्यातून निघाली तेव्हापेक्षा खाली आलेली असते, आणि मालकाला वाटते की ती मुळातच बुटकी आहे. कंपनीच्या मूळ मापाचे नवे पाटे, नवे बुश, नवे शॉकअप टाकून गाडी मूळ उंचीवर आणणे म्हणजे दुरुस्ती. त्यात मूळ तपशील बदलत नाही, त्यामुळे परवानगीचा प्रश्नच येत नाही. पक्की बिले मात्र जपून ठेवा. माझे मत विचाराल तर लिफ्टचा विचार करणाऱ्याने आधी एवढे करावे आणि मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावून पाहावे. निम्म्या लोकांची हौस तिथेच भागेल.

दुसरा प्रकार, कंपनीने त्याच मॉडेलसाठी मान्य केलेल्या दुसऱ्या मापाच्या टायरचा. एकाच मॉडेलच्या साध्या आणि वरच्या आवृत्तीत टायरचे माप वेगळे असू शकते. वरच्या आवृत्तीचे माप तुमच्या आवृत्तीलाही चालते असे कंपनीने कागदावर दिले असेल, तर तुमची बाजू भक्कम असते. दाराच्या चौकटीवरची पट्टी आणि गाडीसोबत आलेली पुस्तिका, दोन्ही तपासा. पुस्तिका हरवली असेल तर अधिकृत सेवा केंद्राकडून चासी नंबरवर लेखी माहिती मागवा.

तिसरा प्रकार, कंपनीच्या कोणत्याही मान्य मापापेक्षा मोठा टायर आणि त्याच्यासाठी केलेली लिफ्ट. नेहमीच्या अर्जावर हे मंजूर होत नाही. गाडी खासगी जागेत किंवा बंदिस्त ट्रॅकवर ट्रेलरवरून नेऊन चालवणारे लोक आहेत. त्यांचा प्रश्न वेगळा. सार्वजनिक रस्त्यावर मात्र कलम ५२ आडवे येतेच.

पांढरी पाटी आणि पिवळी पाटी

इथे बऱ्याच जणांची गफलत होते. मालवाहू, म्हणजे पिवळ्या पाटीच्या गाडीच्या नोंदणीत प्रत्येक आसावरच्या (अॅक्सलवरच्या) टायरची संख्या, वर्णन आणि माप यांची स्वतंत्र नोंद असते. एकूण वजन आणि आसावरचे वजनही तिथेच असते. त्यामुळे पिवळ्या पाटीच्या पिकअपचे टायर बदलले की आरसीशी विसंगती थेट दिसते. शिवाय अशा गाडीला आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस घ्यावे लागते, म्हणजे ती निरीक्षकाच्या नजरेखाली वारंवार येते.

पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर नमुना २५ भरून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते आणि हा अर्ज मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत करता येतो. त्या वेळी गाडीची तपासणी होते. जुन्या जीपचे मालक नेमके इथेच अडकतात, कारण मधल्या काळात कोणीही काहीही विचारलेले नसते.

मोठे टायर लावले म्हणून गाडीचा मंजूर भार वाढत नाही, हेही पिकअपवाल्यांना सांगायला हवे. टायरवर कितीही भार लिहिलेला असो, गाडीचे एकूण वजन आरसीवर आहे तेवढेच राहते.

अर्जाची प्रक्रिया

अर्ज करण्याआधी परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर गाडीचा तपशील उघडून पाहा. थकलेला कर, जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, न भरलेली चलाने, कर्जाचा बोजा यांपैकी एक जरी शिल्लक असेल तरी काम तिथेच थांबते. कर्ज कधीच फिटले असेल पण बोजा चढलेलाच असेल, तर बँकेची ना हरकत आणि नमुना ३५ देऊन आधी तो उतरवा. कर्ज चालू असेल तर बदलासाठी बँकेची लेखी संमती लागेल. गाडी दुसऱ्या राज्यातून आणलेली असेल तर नमुना २८ ची ना हरकत आणि इथली नोंदणी हे काम सगळ्यांच्या आधी.

त्यानंतर आपल्या हद्दीतल्या प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांच्या नावे साधे पत्र द्या. त्यात गाडीचा क्रमांक, सध्याचे टायरचे माप, प्रस्तावित माप आणि कंपनीच्या लेखी माहितीची प्रत असावी, आणि या बदलास नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते का आणि मिळू शकते का, एवढाच प्रश्न असावा. आवक शिक्का मारलेली पोच घ्या. खिडकीवर तोंडी मिळालेले ‘चालतंय’ पुढच्या वर्षी दुसऱ्या निरीक्षकासमोर कामाला येत नाही.

मान्यता मिळण्याजोगे काम असेल तर वाहन पोर्टलवर गाडीतील बदलाची सेवा निवडून, चासी नंबरचे शेवटचे पाच अंक आणि मोबाइलवर आलेला ओटीपी टाकून अर्ज भरायचा, शुल्क भरायचे आणि तपासणीची वेळ घ्यायची. साधारणपणे लागणारी कागदपत्रे अशी:

- मूळ आरसी
- चालू विमा आणि पीयूसी
- पॅन कार्ड, नसेल तर त्याऐवजी चालणारा आयकराचा नमुना
- चासी आणि इंजिन नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा
- मालकाच्या सहीची ओळख आणि पत्त्याचा पुरावा
- बदलाच्या अर्जाचा छापील नमुना, सहीनिशी
- भागांची जीएसटी क्रमांक असलेली बिले आणि कंपनीचे माप-पत्र
- मालवाहू गाडी असल्यास फिटनेस आणि परमिट

पेन्सिलचा ठसा ही बाब किरकोळ वाटते, पण जुन्या गाडीत सर्वाधिक फेऱ्या तिच्यामुळेच होतात. चासीवर गंज चढलेला असतो किंवा कोणीतरी वरून जाड अंडरकोटिंग मारलेले असते. आदल्या दिवशी रॉकेल आणि मऊ कापडाने नंबर साफ करा. पॉलिश पेपर घासू नका. आकडे पुसट झाले तर छेडछाडीचा संशय येतो आणि ते प्रकरण टायरपेक्षा कितीतरी महागात पडते.

मान्यता मिळाल्यावर काम करून घ्यायचे आणि बदल झाल्यापासून १४ दिवसांत आरसी सादर करून तो कळवायचा. मोटार वाहन निरीक्षक गाडी पाहतो, नोंद होते, सुधारित आरसी मिळते. विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या. न कळवलेला बदल असेल, तर अपघातानंतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकू शकतो.

निरीक्षक नेमके काय पाहतो

टायर वाढवण्याचा हिशेब साधा आहे. समजा मूळ माप २३५/७५ आर १५. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची भिंत तिच्या ७५ टक्के, म्हणजे साधारण १७६. भिंत वर आणि खाली दोन्हीकडे, मध्ये १५ इंचांची म्हणजे ३८१ मिलिमीटरची डिस्क (चाकाची रिम). एकूण व्यास सुमारे ७३३. त्याजागी ३१ इंची टायर आला तर व्यास ७८७. गाडी वाढली फक्त निम्मा फरक, २७ मिलिमीटर. एक इंचभर. पण वेगाचा काटा सात टक्के कमी दाखवू लागतो: काट्यावर ६० असताना गाडी ६४ ने धावत असते. ज्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० चा वेगनियंत्रक बंधनकारक आहे, त्यांचा हिशेबही याने चुकू शकतो.

लिफ्टचे दुष्परिणाम याहून खोल जातात. पाटे उंचावले की इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस लवकर जातात. ब्रेकचे रबरी होज ताणले जातात, चाक खड्ड्यात पूर्ण लटकले की ते ओढ घेतात. बऱ्याच पिकअपच्या मागच्या आसाला एक दांडी जोडलेली असते. मागे भार किती आहे हे ती ब्रेकच्या व्हॉल्व्हला सांगते. मागची बाजू उंचावली की व्हॉल्व्हला वाटते गाडी रिकामी आहे, आणि भरल्या गाडीतही मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात उतरताना याचा अर्थ काय होतो ते वेगळे सांगायला नको. हेडलाइटचा झोत वर जाऊन समोरच्याच्या डोळ्यात शिरतो तो आणखी वेगळा. यातले काहीही गॅरेजच्या बिलावर नसते.

टायर जुनेच ठेवलेत तरी खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको. हा केंद्रीय मोटार वाहन नियम ९४ आहे. टायरवर आयएसआय चिन्ह आहे ना, तेही पाहून घ्या.

आधीच बदललेली गाडी घेतली असेल तर

जुन्या बाजारात अशा गाड्या बऱ्याच मिळतात. सौदा करताना आरसी, पुस्तिका आणि प्रत्यक्ष टायर एकमेकांशी पडताळून पाहा. विसंगती असेल तर मूळ भाग परत बसवण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा, कारण नोंदणी आपल्या नावावर झाली की जबाबदारी आपली. घेऊन झाली असेल तर तपासणीच्या तारखेआधी मूळ मापाचे पाटे, डिस्क आणि टायर बसवून अलाइनमेंट करून घ्या आणि बिले फाइलला लावा. फक्त पासिंगपुरते चार टायर भाड्याने आणून दुसऱ्या दिवशी परत करणारे महाभाग आहेत. त्यांची गाडी रस्त्यावर अडवली गेली तर फिटनेसचा कागद तिथे ढाल होत नाही, कारण मापे तेव्हाही जुळत नाहीत.

स्वतःच्या गाडीवर काही काम करून घेणार असाल तर काढलेले मूळ पाटे, यू-बोल्ट आणि डिस्क गॅरेजवाल्याला भंगारात देऊ नका. नंबर लिहून, ग्रीस लावून पडवीत ठेवून द्या. पंधरा वर्षांपूर्वीच्या मॉडेलचे मूळ भाग नंतर शोधायला निघालात की त्यांची किंमत कळते.