समुद्र वर, नाला खाली

मुंबईत पाणी तुंबलं की नालेसफाईवरून वाद पेटतो. गाळाचा दोष आहेच, पण नाला चकाचक असला तरी समुद्रच वर असेल तर पाणी जाणार कुठे? नाला समुद्राला किंवा खाडीला मिळतो त्या तोंडाला पातमुख म्हणतात. शहरातल्या १८६ पातमुखांपैकी ४५ सरासरी समुद्रपातळीच्याही खाली आहेत, १३५ भरतीच्या पातळीखाली. भरतीच्या वर फक्त ६.

समजा उधाणाची भरती ४.५ मीटर, ओहोटी ०.५ मीटर, आणि समुद्र ३.५ मीटरच्या खाली उतरल्याशिवाय नाला वाहत नाही. भरती-ओहोटीचं एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचं. त्यातले ४ तास १० मिनिटं नाला बंद. माथ्याजवळ पाणी सावकाश चढतं-उतरतं, म्हणून उंचीचा पाव भाग वेळेचा तिसरा हिस्सा खातो.

पातमुखावर झडप बसवली की समुद्र आत येत नाही. कोकणात खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेल्या बांधाची, म्हणजे खारबंदिस्तीची, उघाडी (पाणी सोडायचं दार) याच तत्त्वावर चालते. मात्र झडप मिटली की आतलं पाणी संथ होतं आणि गाळ तिथेच बसतो. बिजागरीत प्लास्टिकची एक पिशवी अडकली तरी फट राहते आणि खारं पाणी आत शिरतं. झडप बसवून विसरून जाणं हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार.

मग उरतात दोन मार्ग: उपसा किंवा साठा. इर्ला, हाजीअलीसारख्या उदंचन (पंपिंग) केंद्रांतला एकेक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. पण पंप नाल्याच्या तोंडाशी असतो. वरच्या खोलगट वस्तीतून पाणी तिथवर पोचायला हवं. म्हणून दादर-परळच्या सखल हिंदमाता भागासाठी प्रमोद महाजन उद्यान आणि सेंट झेवियर्स मैदानाखाली टाक्या बांधल्या.

टाकीचं गणित सोपं आहे. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. १० हेक्टरच्या काँक्रीटच्या वस्तीवर चार तासांत १०० मिलिमीटर पडला तर १०,००० घनमीटर, म्हणजे १ कोटी लिटर. अडीच मीटर खोल टाकीला ४,००० चौरस मीटर जागा लागेल. नाला उघडा असतो त्या साधारण आठ तासांत ती रिकामी व्हायला हवी: सेकंदाला ३५० लिटर. त्यासाठी १७५ लिटरचे दोन पंप, आणि तिसरा राखीव.

खरी मेख रिकाम्या टाकीत आहे. किनाऱ्यावर पावसाळ्यात भूजल अगदी वर येतं आणि टाकीला खालून उचलतं. भूजल माथ्यापर्यंत आलं तर अडीच मीटरच्या टाकीला दर चौरस मीटरला किमान अडीच टनांचा रेटा बसतो. छतावर पुरेशी माती किंवा तळाला जाड स्लॅब नसेल तर बांधकाम तडकतं. त्याच भूजलामुळे भराव टाकलेल्या जमिनीवर पाणी जिरवणाऱ्या फरश्या भर पावसाळ्यात फारशा कामाच्या नाहीत. जिरायला जागाच नसते.

आणि पंपाचं इलेक्ट्रिक पॅनेल पुराच्या सर्वोच्च खुणेच्या वर हवं. ते तळघरात ठेवलं तर पंप नेमका लागेल तेव्हाच बंद पडतो.