वर्तनबदलाचं मानसशास्त्र शिकायचंय? नाशिकहून अर्ज करताना नेमकं कुठे अडतं

"नोकरी सांभाळून डिस्टन्सने एम.ए. सायकॉलॉजी करून टाकतो," हे वाक्य नाशिकमध्ये अजूनही सर्रास ऐकू येतं. गोवर्धनला १९८९ पासून मुक्त विद्यापीठ आहे, बहुतेक घरांत कुणी ना कुणी दूरशिक्षणाने पदवी घेतलेली आहे, त्यामुळे हा विचार येणं साहजिकच. पण ते दार आता बंद झालंय. संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली जो केंद्रीय कायदा झाला, त्याच्या कक्षेत मानसशास्त्र येतं. म्हणून यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून हा विषय दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने शिकवायला सगळ्याच विद्यापीठांना मनाई केली. मनाई नव्या प्रवेशांना आहे. तरीही "अजून सीट शिल्लक आहेत, आजच पैसे भरा" असे फोन येतात आणि लोक भरतात. फोन करणाऱ्याला एकच विचारा: या सत्राच्या नव्या प्रवेशाला यूजीसीची परवानगी असल्याचं पत्र दाखवता का? फोन लगेच ठेवला जातो.

दुसरा घोळ नावाचा. "वर्तनबदल" या नावाची पदव्युत्तर पदवी शोधत राहिलात तर नाशिकमध्ये हाती काही लागणार नाही, आणि जे लागेल ते बहुधा खासगी संस्थेचं आठवडाभराचं प्रमाणपत्र असेल. आपल्याकडे हा विषय एम.ए. किंवा एम.एस्सी. मानसशास्त्राच्या पोटात शिकायचा असतो: आरोग्य, सामाजिक, संघटनात्मक मानसशास्त्र आणि मग त्यातला प्रबंध. याच नावाची स्वतंत्र पदवी बाहेर मिळते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बिहेवियर चेंज विषयात एम.एस्सी. आहे आणि त्यासाठीचं संशोधन केंद्रही आहे. लोक सिगारेट का सोडत नाहीत, औषधाचा डोस का चुकवतात, हात का धूत नाहीत, आणि ते बदलायला नेमकं काय लागतं, हा त्या अभ्यासाचा गाभा.

अर्ज भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा, कारण पुढचे सगळे कागद तिच्यावर ठरतात. तुम्हाला रुग्णांवर उपचार करायचे आहेत, की आरोग्य खातं, स्वयंसेवी संस्था किंवा कंपन्यांसाठी वर्तनबदलाचे कार्यक्रम आखायचे आहेत? उपचार करणारे चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमातूनच मिळते. साध्या एम.ए.ने ती मिळत नाही, लंडनच्या वर्तनबदलाच्या पदवीनेही नाही. दोन वर्षं आणि घरच्यांचे पैसे घालवून झाल्यावर हे कळलेली मुलं पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो.

आता इथला रस्ता. नाशिकची महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला संलग्न आहेत. ज्या महाविद्यालयात एम.ए. मानसशास्त्राचा वर्ग आहे तिथे त्यांच्याच संकेतस्थळावर अर्ज भरायचा, गुणवत्ता यादी लागते, फी भरायची. पुण्यात गणेशखिंडच्या विद्यापीठ विभागात जायचं असेल तर विद्यापीठाची ऑनलाइन प्रवेश परीक्षा वेगळी, तिचा अर्जही वेगळा. पदवीला मानसशास्त्र नव्हतं, कॉमर्स किंवा नर्सिंग होतं, तर चालेल का, हे प्रत्येक ठिकाणच्या माहितीपत्रकात पाहा. मैत्रिणीला मिळाला म्हणून आपल्यालाही मिळेल, असं नसतं.

पुणे विद्यापीठाचीच पदवी असेल तर इथे फार अडत नाही. खरी तारांबळ उडते ती मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलेल्यांची. त्यांना स्थलांतर प्रमाणपत्र आणायचं असतं आणि नव्या विद्यापीठाकडून पात्रता मंजूर करून घ्यायची असते. प्रवेश "तात्पुरता" मिळतो, मुलं निर्धास्त होतात, आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या वेळी पात्रता प्रलंबित असल्याचं कळतं. एखाद्या खिडकीवर "मुक्तची डिग्री चालत नाही" असं सांगून परत पाठवतात, तेही चूक आहे. मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीच्या २०२० च्या विनियमांतच आहे. वाद घालू नका, तो नियम छापून सोबत न्या आणि नकार लेखी मागा. मात्र ज्यांनी पूर्वी पूर्वतयारी परीक्षा देऊन, बारावी न करता मुक्त विद्यापीठाची बी.ए. केली, त्यांनी आधी चौकशी करावी. अनेक ठिकाणी दहावी-बारावी-पदवी ही साखळी सलग लागते आणि तिथे नकार नियमाला धरूनच असतो.

पदवी प्रमाणपत्राचं तर बोलायलाच नको. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका म्हणजे पदवी, अशी समजूत आहे. पदवी प्रमाणपत्रासाठी पदवीप्रदान समारंभाचा अर्ज स्वतंत्र भरावा लागतो, आणि पास होऊन पाच वर्षं झाली तरी तो न भरलेले लोक खंडीभर आहेत. पुढच्या प्रवेशाची गडबड सुरू व्हायच्या आत तो भरून टाका. नुकतेच पास झाला असाल तर तात्पुरतं प्रमाणपत्र घ्या.

दाखल्यांमध्ये सगळ्यात जास्त अर्ज उडतात ते तारखेवर. नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते. प्रवेश जूनमध्ये. म्हणजे मागच्या वर्षी भावाबरोबर काढलेला दाखला फाइलमध्ये तसाच ठेवून येणाऱ्याचा दाखला प्रवेशाच्या वेळी मुदतबाह्य असण्याची शक्यता फार. एप्रिल उजाडला की सेतूत जा, कारण मे-जूनमध्ये अकरावीपासून इंजिनिअरिंगपर्यंत सगळा जिल्हा तिथेच उभा असतो. अनुसूचित जाती-जमातींना हा दाखला लागत नाही. तरी सुरगाणा-पेठहून सकाळची एसटी पकडून आलेल्या मुलीला "नॉन-क्रीमी लेअर आणा" म्हणून परत धाडणारे महाभाग भेटतात. तसंच, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना राज्य शासनाने मुद्रांक शुल्क माफ केलेलं आहे, पण बाहेर बसलेला माणूस पाचशेचा स्टॅम्प पुढे करतोच. आधी आत जाऊन विचारा.

राज्याबाहेरच्या केंद्रीय विद्यापीठांत किंवा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत जायचं असेल तर सीयूईटी पीजी ही परीक्षा. हिची वेळ आपल्या सवयीशी जुळत नाही. २०२४ पासून दरवर्षी अर्ज डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान भरून झाले आणि परीक्षा मार्चमध्ये सुरू झाली. आपण मेमध्ये निकालाची वाट पाहत जागे होतो, तोवर तिथलं सगळं आटोपलेलं असतं. शेवटच्या वर्षाला असलात तरी अर्ज करता येतो. निकाल लागायची वाट पाहायची नसते. आणि सीयूईटीचा फॉर्म भरला म्हणजे संस्थेकडे अर्ज झाला, असं अजिबात नाही. परीक्षा एका यंत्रणेची, प्रवेश दुसऱ्याचा. टाटा संस्थेच्या संकेतस्थळावर आपली नोंदणी वेगळी करावी लागते. चांगले गुण मिळवून घरी बसलेले लोक याच एका गैरसमजाचे बळी.

केंद्राच्या अर्जात प्रवर्गाचा रकानाही नीट पाहा. एनटी-डी, एनटी-सी, व्हीजे हे भटक्या-विमुक्तांसाठीचे आपल्या राज्याचे रकाने. केंद्राकडे ते नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का पाहायचं, आणि असेल तर ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढायचा. राज्याच्या नमुन्यातला दाखला तिथे परत येतो. तो कुठल्या तारखेनंतरचा हवा तेही माहितीपत्रकात दिलेलं असतं. राज्यात एनटी-डी असलेल्या सिन्नर-येवल्याकडच्या वंजारी मुलांचं इथे हमखास अडतं. मराठा मुलांसाठीचा एसईबीसी प्रवर्ग केंद्रात चालत नाही. निकषांत बसत असाल तर केंद्राच्या नमुन्यातलं ईडब्ल्यूएस, म्हणजे आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र पाहा.

आता बाहेरचा रस्ता, म्हणजे ब्रिटन. पहिला प्रश्न: ती पदवी इथे धरतात का? भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा करार झाला आहे आणि एक वर्षाची ब्रिटिश मास्टर्स त्यात येते. पण वर्गात बसून केलेली. घरी बसून ऑनलाइन केलेल्या परदेशी पदवीला इथे समकक्षता मिळत नाही. ज्ञान मिळेल, कंपनीत उपयोगही होईल, पण प्राध्यापकीच्या किंवा सरकारी जागेच्या अर्जात ती पुढे करता येणार नाही. एजंट हे सांगत नाहीत.

इंग्रजीचा पुरावा म्हणून कॉलेजकडून "शिक्षणाचं माध्यम इंग्रजी होतं" असं पत्र आणायला सांगतात. आपल्याकडे बी.ए.चे पेपर मराठीत लिहिलेली कितीतरी मुलं असतात आणि गुणपत्रिकेवरून तसं दिसत नाही. म्हणून खोटं पत्र मागायचा मोह होतो. करू नका, पडताळणीत पकडलं गेलं तर व्हिसावर डाग राहतो. सरळ आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्या, गुण दोन वर्षं चालतात.

नावाची गंमत वेगळीच. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव स्वतंत्र रकान्यात. लग्न झालेल्या मुलींच्या आधारवर तिसरंच नाव. अर्जात नेहमी पासपोर्टप्रमाणे लिहा. नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्रातली नोंद आधी करून घ्या.

आणि पैसे. व्हिसाचे बरेच नकार इथेच. विद्यापीठाच्या फीशिवाय राहण्याचा खर्च म्हणून नोव्हेंबर २०२५ पासून लंडनसाठी महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड, जास्तीत जास्त ९ महिन्यांचे, दाखवावे लागतात. ही रक्कम सलग २८ दिवस खात्यावर हवी. एक दिवस जरी कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. शिवाय ते २८ दिवस संपल्यापासून ३१ दिवसांच्या आत व्हिसाचा अर्ज झाला पाहिजे. "२८ दिवसांत अर्ज करायचा" असा याचा उलटा अर्थ लावून पैसे आल्याबरोबर अर्ज ठोकणारे असतात.

आमच्या भागातली खास अडचण म्हणजे पैसा आहे, पण बँकेत नाही. सातबारा, द्राक्षबागेचं मूल्यांकन, सोनं, शेअर, यातलं काहीच तिथे चालत नाही. गावच्या पतसंस्थेतल्या ठेवीवरही विसंबू नका, पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखाली नसते. ठेव वेळेत मोडून बँकेत आणा किंवा बँकेचं शैक्षणिक कर्ज मंजूर करून घ्या. पैसे आई-वडिलांच्या खात्यात असतील तर त्यांचं संमतिपत्र आणि नात्याचा पुरावा म्हणून जन्म दाखला लागतो. तो काढून बघा एकदा. अनेकांच्या जन्म दाखल्यावर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, कारण बारशाआधी नोंद झाली आणि नंतर कुणी फिरकलं नाही. नाव चढवून घ्यायला वेळ जातो.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, कुटुंबाची वार्षिक उत्पन्न मर्यादा ८ लाख. तिला विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र लागतं. "पदवी प्रमाणपत्र सादर करण्याच्या अटीवर" असं पत्र असेल तर अर्ज अडतो, आणि मग वर सांगितलेला समारंभाचा अर्ज आठवतो.

प्रवेश अर्जासोबतचं आपलं निवेदन (स्टेटमेंट ऑफ पर्पज) लिहिताना "लहानपणापासून लोकांना मदत करण्याची आवड" हे वाक्य टाळा, ते निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांखालून रोज जातं. एक ठरावीक वर्तन घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून नाशिकमध्ये हेल्मेटशिवाय पेट्रोल नाही, असा आदेश निघाला. लोकांनी काय केलं? पंपावर शेजारच्याचं हेल्मेट मागून घेतलं, टाकी भरली, हेल्मेट परत दिलं. वर्तनबदलाच्या अभ्यासक सुसान मिची आणि सहकाऱ्यांनी २०११ साली मांडलेल्या कॉम-बी प्रारूपात वर्तनासाठी क्षमता, संधी आणि प्रेरणा असे तीन घटक धरले आहेत. आदेशाने त्यातलं नेमकं काय बदललं, आणि बदललं ते पेट्रोल भरण्याचं वर्तन होतं की गाडी चालवण्याचं, यावर दोन परिच्छेद लिहिलेत तर हा विषय तुम्हाला कळतो हे दिसतं. २०२७ च्या सिंहस्थात गोदेत पडणाऱ्या निर्माल्यावरही असंच लिहिता येईल.

शेवटी शिफारसपत्रं. परदेशी विद्यापीठं ती तुमच्याकडून घेत नाहीत. प्राध्यापकांना थेट ईमेलवर दुवा पाठवतात, आणि तो ईमेल बहुतेक ठिकाणी संस्थेचाच हवा असतो, जीमेल नाही. आपल्या कित्येक सर-मॅडमना कॉलेजचा ईमेल दिलेला असतो पण पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. अर्जात त्यांचं नाव टाकण्याआधी भेटून विचारा, कॉलेजच्या संगणक विभागातून ते खातं सुरू करून घ्या, आणि दुवा गेल्यावर फोन करून स्पॅममध्येही बघायला सांगा. सुट्टी लागायच्या आत.