रतीब बंद करायचाय, पण सांगायचं कुणाला?

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या काकीच्या स्वयंपाकघरात दारामागं एक कॅलेंडर टांगलेलं असतं आणि प्रत्येक तारखेखाली पेन्सिलीनं दुधाचा हिशेब असतो. अर्धा लिटर, अर्धा लिटर, पाहुणे आले म्हणून एक लिटर, आणि ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या तारखेवर फुली, म्हणजे खाडा. महिना संपला की गवळीमामा दारात बसून तेच कॅलेंडर बघतात, खाडे वजा करतात, पैसे घेऊन जातात. चार दिवस गावाला जायचं असलं तर आदल्या दिवशी दारातूनच सांगायचं, उद्यापासून नको, सोमवारी घाला. झालं. रतीब सुरू करायला जेवढं बोलावं लागलं तेवढंच बंद करायला.

ह्याच काकीच्या बँक खात्यातून अकरा महिने, दर महिन्याला १४९ रुपये जात होते आणि तिला पत्ता नव्हता.

काकी ब्लाउज शिवते. लेस, अस्तर, हुक सगळं खडेबाजारातून आणते, पण एकदा गिऱ्हाइकाला हवी तशी लेस मिळेना म्हणून तिनं एका शॉपिंग अ‍ॅपवरून मागवली, आणि पैसे भरायच्या पानावर मोठं हिरवं बटण आलं, १ रुपयात मेंबर व्हा, डिलिव्हरी फ्री. डिलिव्हरीचे ४० रुपये वाचतायत म्हटल्यावर तिनं बटण दाबलं, यूपीआयचा पिन टाकला, लेस आली, ब्लाउज शिवून झाला, विषय संपला. पुढं कधीतरी ती बँकेत पासबुक प्रिंट करायला गेली आणि मशीनमधून पान बाहेर आलं तेव्हा तिला प्रत्येक महिन्यात तोच आकडा दिसला. संध्याकाळी मला म्हणाली, "मी एकच रुपाया भरलो की रे, हे एकशे एकोणपन्नास कसले?" अकरा गुणिले १४९ म्हणजे १,६३९ रुपये, तिच्या हिशेबानं दहा-अकरा साध्या ब्लाउजांची शिलाई. आणि मग ती जे म्हणाली त्यासाठी हा लेख लिहितोय. म्हणाली, "माझंच चुकलं, मी अडाणी."

चूक तिची नाही. ह्यात माणसाच्या मेंदूचा स्वभाव, पैसे कापायची यंत्रणा आणि पडद्यावरच्या बटणांची मांडणी अशा तीन गोष्टी एकत्र आल्यात आणि तिन्हींवर भरपूर अभ्यास झालेला आहे.

आधी यंत्रणा. आपण दुकानात क्यूआर स्कॅन करून पिन टाकतो तेव्हा तो पिन एका व्यवहारापुरता असतो. पण २०२० च्या जुलैमध्ये यूपीआय ऑटोपे आलं, त्यात एकदा पिन टाकला की तुम्ही बँकेला पुन्हा पुन्हा पैसे कापू द्यायची परवानगी देता, ह्याला मॅन्डेट म्हणतात. पिन टाकायच्या आधी पडद्यावर लिहिलेलं असतं की किती रकमेपर्यंत, किती दिवसांनी, कुठल्या तारखेपर्यंत. आज जाणारा १ रुपया मोठ्या अक्षरात आणि दर महिन्याचे १४९ त्याच्याखाली बारीक अक्षरात असले की डोळा मोठ्या अक्षरावरच थांबतो, आणि पिन मात्र दोन्हींसाठी एकच. त्यानंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या साध्या वसुलीला पुन्हा पिन विचारावा लागत नाही. वीजबिल, विम्याचा हप्ता ह्यांना ही सोय खरंच चांगली आहे, मी स्वतः वापरतो. पण तीच सोय १ रुपयाच्या आमिषाला जोडली की काय होतं ते पासबुकात दिसलं.

रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की पैसे कापायच्या किमान २४ तास आधी कळवायला हवं, कोण कापणार, किती, कधी. काकीला तसे मेसेज आले होते, आम्ही शोधून काढले. सगळे इंग्रजीत. आणि अ‍ॅपनं ठिकाण बेळगाव, कर्नाटक बघून भाषा सुचवली कन्नड, आता काकी बाजारात घासाघीस अस्सल कन्नडमध्ये करते पण वाचायचं म्हटलं की बसची पाटी, तेवढंच, त्यामुळं शेवटी ते इंग्रजीतच राहिलं. आपल्या खानापूर, निपाणी, चिकोडी भागात असे हजारो फोन असतील, ज्यात बोलायची भाषा एक, वाचायची दुसरी आणि पैशाचा करार तिसऱ्याच भाषेत. नियमाप्रमाणं सूचना पोचली, पण बाईपर्यंत पोचली नाही.

आता मेंदूकडं येऊया. माणूस जे आपोआप चालू आहे ते चालूच ठेवतो, ह्याला शास्त्रात डिफॉल्टचा परिणाम म्हणतात. २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन ह्यांनी युरोपातल्या अवयवदानाचे आकडे मांडले. जर्मनीत आपणहून नाव नोंदवावं लागायचं, तिथं संमती होती १२ टक्के. शेजारच्या ऑस्ट्रियात नाव आधीच धरलेलं असायचं, नको असेल तर काढायचं, तिथं ९९ टक्क्यांच्या वर. भाषा एक, सरहद्द शेजारची, म्हणजे माणसांच्या मनात एवढा फरक असायचं कारण नाही, फरक फक्त फॉर्ममध्ये होता. दुकानदारीतपण ही गोष्ट फार आधी कळलेली आहे. अमेरिकेत १९२६ मध्ये सुरू झालेल्या एका बुक क्लबचा धंदा पुढं ह्याच तत्त्वावर वाढला, सभासदानं नको असं कळवलं नाही तर पुस्तक घरी येणार आणि बिलपण येणार.

ह्या विसरण्याची किंमत किती, हे मोजायची एक फार सुंदर युक्ती स्टॅनफर्डचे लिरान आयनाव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधली. लोक सबस्क्रिप्शन आवडतंय म्हणून ठेवतात की विसरले म्हणून, हे विचारून कळत नाही, कारण विसरलेला माणूस काय उत्तर देणार? म्हणून त्यांनी डेबिट आणि क्रेडिट कार्डांचे व्यवहार घेतले आणि जुनं कार्ड बदलून नवीन कार्ड येतं तो महिना बघितला. जुन्या कार्डाची माहिती चालत नाही, कंपनीला ग्राहकाकडं जाऊन नवीन कार्डाची माहिती मागावी लागते, म्हणजे त्या एका महिन्यात ग्राहकाला खरोखर ठरवावं लागतं की हे मला हवंय का. आणि बरोबर त्याच महिन्यात सेवा सोडणाऱ्यांची संख्या एकदम उसळते. सेवा तीच, दर तोच, माणूस तोच, फक्त कुणीतरी विचारलं. त्यावरून त्यांनी हिशेब काढला की ग्राहकांचं लक्ष नसल्यामुळं कंपन्यांचं उत्पन्न कुठं १४ टक्क्यांनी तर कुठं २०० टक्क्यांहून जास्त वाढतं. अमेरिकेतल्या, इंग्रजी वाचणाऱ्या, बँकेचं स्टेटमेंट ईमेलवर येणाऱ्या लोकांचं हे आहे. हे मी काकीला समजावून सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

गवळीमामा दर महिन्याला दारात येऊन बसतात ते पैशासाठी, पण त्यामुळं काकीला दर महिन्याला एकदा विचार करावा लागतोच, दूध पातळ आहे का, पुढच्या महिन्यात चालू ठेवायचं का. नोटा मोजून देताना मनाला थोडं टोचतं, आणि ते टोचणं कामाचं असतं. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन ह्यांनी १९९८ मध्ये ह्या टोचण्यावरच पेपर लिहिला होता. आपोआप कापणाऱ्या व्यवस्थेत ते टोचणंच काढून टाकलेलं असतं.

आम्ही मेंबरशिप बंद करायला बसलो ते शिलाई मशीनवरच, फोन मध्ये ठेवून. अ‍ॅपच्या पहिल्या पानावर बंद करायचा पर्याय नाही. प्रोफाइलमध्ये गेलो, खाली सरकवत गेलो, 'तुमचे फायदे' असं काहीतरी होतं त्यात शिरलो, तिथं अगदी तळाला फिक्या करड्या अक्षरात एक ओळ. ती दाबल्यावर नवीन पान, तुम्ही आत्तापर्यंत इतके रुपये वाचवलेत, ते गमावणार का? खाली मोठं रंगीत बटण, फायदे चालू ठेवा. त्याच्याखाली बटणासारखं न दिसणारं, पुढे जा. मग कारण विचारणारं पान, मग एक महिना फुकट घ्या म्हणणारं पान, आणि तिथं काकीचं बोट सवयीनं रंगीत बटणावर पडलं आणि आम्ही परत पहिल्या पानावर. दुसऱ्या वेळी मी मोजलं. आत यायला दोन टॅप आणि एक पिन, बाहेर पडायला नऊ टॅप.

त्या 'गमावणार का' मध्येपण शास्त्र आहे. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की ह्यांनी १९७९ मध्ये दाखवलं की १०० रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा १०० रुपये गेल्याचं दुःख माणसाला जास्त लागतं. म्हणून 'आता पैसे कापणं थांबेल' असं न लिहिता 'तुम्ही गमावणार' असं लिहितात.

असल्या मांडणीला हॅरी ब्रिग्नल ह्या ब्रिटिश डिझायनरनं २०१० मध्ये डार्क पॅटर्न हे नाव दिलं. आणि रिचर्ड थेलर, ज्यांना २०१७ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यांनी मुद्दाम घातलेल्या अशा अडथळ्यांसाठी स्लज हा शब्द वापरला, स्लज म्हणजे गाळ. मला हा शब्द फार पटतो, गाळात पाय अडकतो तेव्हा कुणी धरलेलं नसतं, तरी निघता येत नाही. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी २०१९ मध्ये सुमारे ११,००० शॉपिंग साइट कॉम्प्युटरकडून तपासून घेतल्या तर १,२५४ साइटवर असे प्रकार सापडले. शिकागोच्या जेमी लुगुरी आणि लिओर स्ट्राहिलेविट्झ ह्यांच्या प्रयोगात साधं पान दाखवल्यावर जेवढ्या लोकांनी एक शंकास्पद सेवा घेतली, त्याच्या दुपटीहून जास्त लोकांनी ती सौम्य डार्क पॅटर्न दाखवल्यावर घेतली आणि आक्रमक पॅटर्नला जवळजवळ चौपट. पण आक्रमक प्रकारावर लोक चिडले, सौम्य प्रकारावर फारसं कुणी चिडलं नाही. मला तरी सौम्य प्रकारच जास्त घातक वाटतो, कारण राग आला नाही तर माणूस तक्रार करत नाही, काकीसारखं स्वतःलाच अडाणी म्हणतो.

मोठ्या कंपन्यापण ह्यातून सुटलेल्या नाहीत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर प्राइम मेंबरशिपवरून खटला घातला, त्यात म्हटलं होतं की मेंबरशिप रद्द करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागतात आणि कंपनीत ह्या वाटेला आतलं नाव होतं इलियड, ग्रीकांच्या त्या लांबलचक युद्धकाव्यावरून. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली.

आपल्याकडं कायदा आहे, आणि हे फार कमी लोकांना माहीत आहे. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आधीच टिक केलेल्या चौकटीला बंदी आहे, संमती ग्राहकानं स्वतः द्यायला पाहिजे. आणि ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं १३ प्रकारच्या डार्क पॅटर्नवर बंदी घातली. न विचारता कार्टमध्ये विमा नाहीतर देणगी घुसवणं त्यात आहे, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं आहे, आणि सबस्क्रिप्शनचा सापळापण आहे. त्या सापळ्याच्या व्याख्येत रद्द करायचा पर्याय लपवणं तर आहेच, पण फुकट सबस्क्रिप्शनसाठी ऑटो-डेबिटची परवानगी जबरदस्तीनं घेणंपण आहे. काकीला ते वाक्य मराठीत करून दोनदा वाचून दाखवलं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा, अ‍ॅप फोनमधून उडवलं म्हणून पैसे कापायचे थांबत नाहीत. मॅन्डेट बँकेकडं असतं, अ‍ॅपमध्ये नाही. तुम्ही ज्या यूपीआय अ‍ॅपनं पैसे भरता त्यात ऑटोपे नावाचा भाग असतो, तिथं चालू असलेली सगळी मॅन्डेट दिसतात आणि पिन टाकून तिथूनच रद्द करता येतात, दुकानदाराची परवानगी लागत नाही. आम्ही मेंबरशिप आणि मॅन्डेट दोन्ही रद्द केलं, कारण एक रद्द केलं म्हणून दुसरं होतंच असं नाही. कार्डावर असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये किंवा साइटवर बघायचं. मग पासबुकाच्या पानाचा फोटो काढून १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. कंपनीनं शेवटच्या दोन महिन्यांचे २९८ रुपये परत केले, बाकीचे अजून आलेले नाहीत. तक्रार चालू ठेवलीय, जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, त्यामुळं तिथं जायचीपण तयारी आहे.

गेल्या आठवड्यात काकीकडं गेलो तर दारामागच्या कॅलेंडरवर १४ तारखेला, दुधाच्या आकड्याच्या शेजारी, लाल पेननं एक फुली होती. ती अ‍ॅपवाल्यांची पैसे कापायची तारीख. विचारलं तर म्हणाली, "खाडा घातलो."