खुलासा: प्रोब जुळला म्हणजे जंतू जिवंत असतोच असे नाही

‘नमुन्यात जंतूचा डीएनए सापडला, म्हणजे जंतू जिवंत आहे’ हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

असा डीएनए शोधायला प्रोब वापरतात. प्रोब म्हणजे खूण लावलेला, एकेरी धाग्याचा डीएनए किंवा आरएनएचा छोटा तुकडा. नमुन्यातला डीएनए तापवून त्याचे दोन धागे सुटे केले, की प्रोब आपल्या पूरक, म्हणजे जोडी जमणाऱ्या क्रमाला चिकटतो: डीएनएच्या चार घटकांपैकी ‘ए’समोर ‘टी’, ‘जी’समोर ‘सी’. शास्त्रज्ञ एडविन सदर्न यांची ठरावीक डीएनए शोधण्याची १९७५ची पद्धतही याच जुळणीवर उभी आहे. पण प्रोबला कळतो फक्त क्रम, जीव नव्हे! मेलेल्या जंतूचा डीएनए उपचारानंतरही काही काळ टिकू शकतो आणि खूण उमटते. एवढ्यावरून उपचार फसले असे सांगून रुग्णाला कृपया घाबरवू नका. जंतू जिवंत आहे का, हे पाहायला सहसा तो प्रयोगशाळेत वाढवून बघतात.